दावं बदलायची जागा

माझ्या नव्याकोऱ्या गेटमध्ये एक म्हैस बसली होती.

उभी असती तर ढकलून, ओढून काहीतरी करता आलं असतं. बसलेल्या म्हशीपुढे कुणाचं काही चालत नाही. तिच्या मागे बैलजोड्या, गाई, शेळ्या आणि त्यांची माणसं अशी रांग पार लिंबाच्या झाडापर्यंत गेली होती. पुढे रस्ता रिकामा. सोळा फुटी गेट, मी डिझाइन केलेलं, सकाळी सात वाजता नारळ फोडून चालू झालेलं आणि साडेनऊ वाजता बंद पडलेलं.

शेजारी बाजार समितीचे चेअरमन उभे होते. गाव त्यांना तात्या म्हणतं. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि टोपी परत घातली.

"मॅडम, जुन्या गेटात निदान म्हशी बसत न्हवत्या."

मी हातातली वही पिशवीत टाकली.

मी आर्किटेक्ट आहे. नगरमध्ये तीसेक वर्षं काम करते आहे. लोकांना वाटतं आर्किटेक्ट म्हणजे बंगल्याच्या दर्शनी भागाला कुठला रंग द्यायचा ते सांगणारी बाई. ते कामही मी करते, पोट त्याच्यावरच चालतं. पण मला खरा रस आहे तो माणसं कुठून कुठं चालतात यात. शाळा सुटल्यावर पोरं कुठल्या जिन्याने उतरतात, मंगल कार्यालयात अक्षता पडल्या पडल्या पाहुणे जेवणाकडे कसे वळतात, दवाखान्यात नातेवाईक बाक सोडून भिंतीलाच का टेकतात. हे सगळं मी उभी राहून बघते, वहीत टिपते, मग रेघ मारते. आमच्या भाषेत याला फ्लो म्हणतात. पाणी उताराकडे जातं तशी माणसं त्यांच्या गरजेकडे जातात, आणि मध्ये भिंत घातली तर भिंतीला वळसा घालून जातात. हे मी कॉलेजात मुलांना शिकवायलाही जायचे. मोठ्या तोऱ्यात शिकवायचे, हे मुद्दाम सांगून ठेवते.

तर हा जनावरांचा बाजार. गावाचं नाव सांगत नाही, कारण ते लोक अजून माझे क्लायंट आहेत. घोडेगावच्या बाजाराइतका मोठा नाही, पण दर आठवड्याला भरतो आणि अख्खं गाव त्यावर जगतं. चहावाले, कडबावाले, टेम्पोवाले, घुंगरं-गोंडे विकणारे, सगळे.

जुन्या बाजाराला एकच गेट होतं. जनावरं त्यातूनच आत यायची, त्यातूनच बाहेर जायची, आणि टेम्पोही तिथेच मागे-पुढे व्हायचे. आदल्या वर्षी एक बैल बुजला. गेटच्या खांबाशी नामदेव नावाचा एक दोर वळणारा माणूस उभा होता. खांब आणि टेम्पो यांच्यामध्ये तो सापडला. पाय दोन ठिकाणी मोडला, आत सळई घालावी लागली. त्यानंतर प्रांतसाहेबांनी समितीला नोटीस काढली. नवीन आखणी करा, तीन बाजार भरवून दाखवा, तिसऱ्या बाजाराला मी स्वतः येईन. त्या दिवशी गेटवर कोंडी दिसली तर बाजार बंद.

म्हणून तात्यांनी मला बोलावलं होतं. आणि त्या तीनपैकी पहिल्या बाजारात म्हैस बसली होती.

शेवटी पाच जणांनी मिळून तिला उठवलं. एकाने शेपूट पिरगाळली, एकाने समोर हिरवा मका धरला. मक्याला यश आलं.

माझं डिझाइन तसं साधं होतं, आणि आजही मी म्हणेन की बरं होतं. एक गेट आत यायला, एक बाहेर जायला. म्हैस बसली ती या दुसऱ्यात. विकणाऱ्यांचे टेम्पो आत यायच्या गेटापाशी, विकत घेणाऱ्यांचे बाहेर जायच्या गेटापाशी. जनावर एका बाजूने येणार, दावणीला बांधलं जाणार, सौदा होणार, खिडकीवर पावती होणार, दुसऱ्या बाजूने बाहेर पडून धक्क्यावरून टेम्पोत चढणार. सगळं एकाच दिशेने. तात्यांना सगळीकडे पेव्हर ब्लॉक हवे होते, त्याला मी ठाम नकार दिला, कारण त्यावर जनावर घसरतं. मुरूम टाकून रोलर फिरवला. आणि जुन्या बाजारात बरोब्बर मधोमध दोर-घुंगरांची सहा-सात दुकानं होती, त्यांच्याभोवती कायम घोळका असायचा, ती मी उचलून बाहेर जायच्या गेटापलीकडे नेली. सर्व्हेच्या नकाशावर त्या घोळक्याभोवती मी लाल गोल काढला होता आणि बाजूला लिहिलं होतं, 'अडथळा'.

तो नकाशा अजून माझ्याकडे आहे.

म्हैस उठल्यावर मी कारण शोधायला लागले. माझ्या ऑफिसात शेखभाई आहेत. लष्कराच्या एका ऑफिसातून ड्राफ्ट्समन म्हणून रिटायर झाले, भिंगारला राहतात, आणि रेघ इतकी सरळ मारतात की कॉम्प्युटरला लाज वाटावी. त्यांनी वर बोट केलं.

"मॅडम, वो देखो. तात्या फडफडताहेत."

गेटच्या वर लोखंडी कमान होती. ती माझी नाही, तात्यांनी मला न विचारता चढवलेली. तिच्यावर तात्यांचा हात जोडलेला, मोटारीएवढा फ्लेक्स. त्याचं एक टोक सुटलं होतं आणि वाऱ्याने फटाफट वाजत होतं. खाली जमिनीवर त्याची सावली नाचत होती. जनावरं हलत्या सावलीवर पाय टाकत नाहीत. एवढं मला पुस्तकातून माहीत होतं, आणि सांगायला मिळालं म्हणून मी खूश झाले.

"तात्या, फ्लेक्स काढावा लागेल. आणि कमानही."

"फ्लेक्स कशापायी? म्हैस मला भेली म्हन्ता व्हय?"

"तुम्हाला नाही, तुमच्या सावलीला."

जवळचे दोघं-तिघं हसले. तात्या हसले नाहीत. पण प्रांतसाहेबांची भीती त्यांच्या फोटोपेक्षा मोठी होती. दोन दिवसांत कमान उतरली.

दुसऱ्या बाजाराला मी सकाळी सातलाच हजर. नऊपर्यंत छान चाललं. मी शेखभाईंना म्हटलंसुद्धा, की बघा, एका फ्लेक्सचा प्रश्न होता. साडेनऊला गर्दी वाढली. दहा वाजता गेट परत तुंबलं.

या वेळी म्हैस बसली नव्हती, फ्लेक्स नव्हता, सावली नव्हती. गेट सताड उघडं होतं. तरी जनावरं गेटात आली की थांबायची, मान वर करायची, मागे सरायची. मागचं जनावर पुढच्याला धडकायचं. मी पाण्याच्या टँकरवर चढले आणि वरून बघायला लागले. माझं वय आणि माझी साडी दोन्ही त्यासाठी योग्य नव्हती, पण वरून बघितल्याशिवाय गर्दी कळत नाही.

खालून शेखभाई ओरडले, "मॅडम, लोक आत येताहेत!"

"येऊ द्या की, बाजार आहे."

"अहो, बाहेर जायच्या गेटातून आत येताहेत!"

मग मला दिसलं. एक बैल बाहेर निघाला की त्याच्या तोंडासमोरून एक माणूस आत यायचा. कधी दोन. जनावर नव्हतं त्यांच्याजवळ, नुसती माणसं, बाहेरून परत आत. आमच्या भाषेत याला काउंटरफ्लो म्हणतात, म्हणजे उलटा प्रवाह. माणसामाणसांत तो चालून जातो, खांदा वळवला की झालं. पण बैलाला समोरून अंगावर येणारा अनोळखी माणूस दिसला की तो थांबतो. एक थांबला की सगळे थांबतात.

दुखणं कळलं म्हणून मला बरं वाटलं. आणि तिथेच मी दुसरी चूक केली. हे लोक परत का येताहेत हे विचारायच्या आधी त्यांना थांबवायचं ठरवलं. गेटवर समितीचा एक सिक्युरिटीवाला होता. मी वरूनच त्याला सांगितलं, उलट येणाऱ्याला सोडू नकोस.

त्याने काम मनापासून केलं. एक म्हातारे शेतकरी खांद्यावर दोर टाकून बाहेरून आत निघाले होते. याने त्यांच्या छातीसमोर काठी आडवी धरली.

"बाबा, तिकून फिरून या. आत यायच्या गेटानं."

"आरं, माजी दुसरी गाय आत बांदलीय. म्हातारी तितं एकलीच बसलीय."

"तिकून या म्हनलं ना."

म्हातारबाबांनी काठीखालून जायचा प्रयत्न केला. सिक्युरिटीवाल्याने शिट्टी वाजवली. अगदी जोरात, पोलिसासारखी. आणि शिट्टीवाल्याच्या मागेच बाहेर निघालेला एक खिल्लारी बैल होता, त्याने उसळी मारली.

पुढचं फार भराभर झालं. बैल आडवा फिरला, त्याचा मालक फरफटत गेला, म्हातारबाबा खांबाकडे ढकलले गेले. खांब आणि बैल यांच्यामध्ये हातभर जागा उरली होती आणि ती कमी होत होती. मी टँकरवर उभी होते, तिथून ओरडण्यापलीकडे मला काही करता येत नव्हतं. तीस वर्षांत मी काढलेल्या रेघेने कुणाचं हाड मोडलं नव्हतं, आता मोडणार असं वाटलं.

गेटाबाहेर पहिलंच दुकान एका बाईचं होतं. ती दोरांच्या ढिगावरून उडी मारून आली, म्हातारबाबांच्या सदऱ्याला धरलं आणि असा हिसका दिला की दोघंही दोरांवर जाऊन पडले. बैल खांबाला घासून पुढे निघून गेला. सदऱ्याची बाही फाटली, तेवढ्यावर निभावलं.

मी टँकरवरून कशी उतरले मला आठवत नाही. त्या बाईने आधी म्हातारबाबांना बसवलं, पाणी दिलं, मग कमरेवर हात ठेवून माझ्याकडे वळली.

"म्याडम, त्येला कशापायी आडवलं?"

"अहो, उलटे येतात म्हणून तर कोंडी होते."

"मग न्हाई यायचं तर कुटं जायचं त्यांनी? जनावर इकलं म्हनून काय घरदार बी इकलं?"

"पण मुळात ते बाहेर येतातच कशाला? जनावर विकलं, पावती झाली, संपलं. घेणारा घेऊन जाईल."

ती माझ्याकडे बघतच राहिली. एखाद्या शिकलेल्या माणसाला चूल पेटवता येत नाही हे कळल्यावर बघतात तसं. मग म्हातारबाबांच्या खांद्यावरचा दोर उचलून तिने माझ्यासमोर धरला.

"ह्ये बगा. जनावर इकलं तरी दावं देत न्हाईत. दाव्यासंगं गोठ्याची लक्ष्मी जाती. घेनाऱ्यानं नवं दावं घ्यायचं, जनावराच्या गळ्यात घालायचं, मग इकनारा आपलं जुनं सोडून घेतो अन् माघारी जातो. तवर त्यो जनावर सोडत न्हाई. सोडून कसं भागंल? सुटं जनावर काय हवेत धरायचं?"

"आणि नवं दावं मिळतं तुमच्या दुकानात."

"व्हय."

"आणि तुमचं दुकान मी गेटाबाहेर नेलं."

"तुमीच नेलं."

मी तिथेच एका दोरांच्या गठ्ठ्यावर बसले. विकणारा प्रत्येक माणूस जनावराबरोबर माझ्या गेटातून बाहेर जात होता आणि दावं घेऊन त्याच गेटातून परत येत होता. दुसरा जवळचा रस्ताच मी ठेवला नव्हता. त्याचा टेम्पो, त्याची पिशवी, त्याची बायको, त्याचं दुसरं जनावर, सगळं आत किंवा पलीकडच्या गेटापाशी. जेवढी जनावरं बाहेर, तेवढी माणसं उलटी आत. हा उलटा प्रवाह बाजाराने निर्माण केला नव्हता, मी केला होता. जुन्या बाजारात दावं मधल्या मधे बदललं जायचं. मी तीन आठवडे त्या मैदानावर उभी राहून सगळ्यांच्या हालचाली टिपल्या होत्या. सौदा करताना रुमालाखाली बोटं धरतात तेसुद्धा वहीत होतं. दोरांच्या दुकानाभोवतीचा घोळका मात्र मला घोळका वाटला होता. आमच्या घराण्यात कुणी भिक्षुकी केली, कुणी मास्तरकी, कुणी कारकुनी. जनावर विकायची वेळ कुणावर आली नाही, म्हणून हे ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नसणं हा गुन्हा नाही. लाल गोल काढण्याआधी विचारलं नाही, हा होता. मला स्वतःची खरोखर लाज वाटली.

"मग तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुमी ईचारलं कुटं? आला, टेप धरली, जिमिनीवर फुली मारली अन् गेला."

म्हातारबाबा पाणी पिता पिता खुदकन हसले. त्यांना हसू येत होतं याचाच मला आधार वाटला.

"तुमचं नाव काय?"

"शेवंता. त्ये मागल्या साली खांबापाशी सापडले त्ये माजे मालक."

म्हणजे नामदेव हिचा नवरा. तो घरी बसून दोर वळत होता आणि ही विकत होती. पाय मोडल्यापासून त्याने बाजारात पाऊल ठेवलं नव्हतं. गेट बघवत न्हाई म्हन्त्यात, असं ती म्हणाली. बाजार बंद झाला तर त्याने वळलेले दोर विकायचे कुठे, हा प्रश्न तिने मला विचारला नाही. तो समोरच पडला होता, मी त्यावर बसले होते.

प्रांतसाहेब यायला एक आठवडा उरला होता.

त्या दुपारी बाजार उठल्यावर मी तात्यांना सांगितलं की दोरांची दुकानं परत आत घ्यायची आहेत. तात्या खुर्चीतून उठले.

"मॅडम, काय बोलता? अतिक्रमण काढलं म्हनून आपन पेपरात फोटो दिलाय. आता परत आत? लोक तोंडात शेन घालतील माज्या."

"प्रांतसाहेबांनी बाजार बंद केला तर काय घालतील?"

"तुमचं चुकलं आसं सांगू का मग लोकांना?"

"सांगा. माझंच चुकलं आहे."

हे तात्यांना अपेक्षित नव्हतं. ते परत खुर्चीत बसले. मग हळूच म्हणाले, "तसं नगं. फेर-नियोजन म्हनू." मी हो म्हटलं. शब्द त्यांचा, जागा माझी, मला चालण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी शेखभाई, शेवंताबाई आणि मी रिकाम्या मैदानावर उभे राहिलो. घर बांधायच्या आधी जमिनीवर फक्कीने, म्हणजे चुन्याच्या पांढऱ्या भुकटीने, भिंतींच्या रेघा मारतात. त्याला आम्ही लाइनआउट म्हणतो. मी फक्की आणली होती. शेवंताबाई म्हणाली, पुसायला लई तरास, दोर टाकू. तिने दोन गठ्ठे सोडले आणि आम्ही जमिनीवर खऱ्या मापाचा नकाशा दोरांनी मांडला. न पटलं की पायाने सरकवायचा. इतकं सोईचं लाइनआउट मी आयुष्यात केलं नव्हतं.

पहिल्यांदा मी दुकानं होती तिथेच, मैदानाच्या मधोमध मांडली.

"हितं न्हाई," शेवंताबाई म्हणाली. "आता पावतीची खिडकी फुडं ग्येली. पावतीच्या आदी दावं कोन सोडंल? सौदा मोडला मंजी?"

बरोबर होतं. म्हणजे क्रम असा, की सौदा, मग पावती, मग दावं, मग गेट. दुकानं पावतीची खिडकी आणि गेट यांच्यामध्येच हवीत. पण तिथे घोळका झाला तर गेट परत तुंबणार. मी दोर इकडे सरकवला, तिकडे सरकवला. मग शेखभाईंना म्हैस व्हायला सांगितलं.

"मॅडम, रिटायरमेंटनंतर हेच राहिलं होतं," असं म्हणत ते म्हैस झाले. शेवंताबाईने त्यांच्या गळ्यात दावं टाकलं, मी ते धरलं. म्हणजे मी विकणारी. खिडकीवरून निघालो, दुकानापाशी आलो. तिने नवं दावं घातलं, मी जुनं सोडलं. शेखभाई गेटाकडे निघाले. मी परत फिरले आणि आपोआप दुकानाच्या दुसऱ्या अंगाने वळले, कारण ज्या बाजूने आलो तिथे आता पुढची म्हैस उभी असणार होती.

तिथे मी थांबले. उत्तर माझ्या पायांनीच दिलं होतं.

दुकानं रस्त्याच्या कडेला मांडायचीच नाहीत. रस्त्याच्या मधोमध, गेटाच्या दिशेने, लांबलचक एका ओळीत मांडायची. डाव्या अंगाने जनावर येणार, थांबणार, दावं बदलणार आणि तसंच सरळ गेटातून बाहेर. विकणारा दुकानांच्या शेवटाला वळसा घालून उजव्या अंगाने परत बाजारात. त्याला गेटाबाहेर पाऊल टाकायची गरजच नाही. हायवेवर दोन दिशा वेगळ्या करायला मध्ये डिव्हायडर असतो. इथे दुकानांची ओळ हाच डिव्हायडर. मी एक वीटही जास्त लावणार नव्हते.

"पन मला दोनी बाजूनं गिऱ्हाईक दिसंल," शेवंताबाई म्हणाली. "ह्ये बेस हाय."

पत्रे आणि बांबू चार दिवसांत लागले. उजव्या अंगाच्या वाटेवर जनावर घुसू नये म्हणून तोंडाशी दोन खांब रोवले, माणूस जाईल पण बैल जाणार नाही एवढ्या अंतराने. सिक्युरिटीवाल्याची शिट्टी मी स्वतः काढून घेतली. अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

तिसऱ्या बाजाराला प्रांतसाहेब दहा वाजता आले. बरोबर तहसीलदार, दोन कॉन्स्टेबल आणि पाच-सहा जण. तात्यांनी शाल-नारळ तयार ठेवला होता. साहेबांनी तो बाजूला ठेवायला सांगितला आणि सरळ गेटापाशी जाऊन उभे राहिले. बाजार ऐन भरात होता. मी शांत दिसत होते, असं शेखभाई नंतर म्हणाले. डिझाइनवर माझा विश्वास होताच. पण मागच्या दोन्ही वेळेला तो होता.

एक बैलजोडी आली. दावं बदललं. बैल गेटातून बाहेर, मालक जुनी दावी खांद्यावर टाकून उजवीकडे. एक गाय. एक म्हैस, पहिल्या बाजारात बसलेली तीच असावी असं मला उगाच वाटलं, ती गेटात क्षणभर थांबली. समोर तिच्या अंगावर येणारं कुणी नव्हतं. ती चालत बाहेर गेली.

एकदा थोडं अडकलं. एका व्यापाऱ्याने एकदम सहा बैल घेतले होते आणि सहा मालक एकमेकांशी बोलत दुकानापाशीच थांबले. माझा हात आपोआप पिशवीकडे गेला, शिट्टी शोधायला. मनात आलेल्या त्या विचाराचा मला राग आला. शेवंताबाईनेच आवाज टाकला.

"ए मामा, दावी घेतली ना? मग गप्पा तिकडं च्याच्या टपरीवं मारा की!"

सहाही जण निमूट उजवीकडे वळले.

प्रांतसाहेब पाऊण तास उभे होते. मग घड्याळ बघून तात्यांना म्हणाले, "चेअरमन, तुमचा मुख्य गर्दीचा वेळ कोणता? मी केव्हा येऊ?"

तात्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "साहेब, हीच गर्दी हाय."

साहेबांनी परत एकदा गेटाकडे बघितलं. दुकानांच्या ओळीकडे बघितलं. "ही दुकानं इथे मध्येच का?"

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मी शेवंताबाईकडे हात केला. तिने साहेबांना दावं का देत नाहीत इथपासून सगळं सांगितलं, दुकान न सोडता, दोन गिऱ्हाइकं करत करत. साहेबांनी ऐकून घेतलं आणि तहसीलदारांना म्हणाले, "बाजार चालू राहू द्या. याचा नकाशा ऑफिसला लावून घ्या."

तात्यांनी तेवढ्यात शाल घातलीच.

मी सुटकेचा श्वास टाकत होते, तेव्हा शेखभाईंनी माझ्या कोपराला हात लावला. गेटाबाहेर एक माणूस रिक्षातून उतरत होता. हातात कुबडी, काखेत नव्या दोरांचा गठ्ठा. शेवंताबाईने त्याला बघितलं आणि तिच्या हातातलं गिऱ्हाइकाचं दावं तसंच राहिलं. तो खांबापाशी आला आणि थांबला. डावीकडून एक बैल बाहेर निघाला होता. नामदेवने खांबाकडे बघितलं, बैलाकडे बघितलं. बैल त्याच्यापासून चांगला आठ-दहा फूट लांबून निघून गेला.

मग नामदेव उजव्या अंगाने, माणसांसाठी ठेवलेल्या त्या वाटेने, कुबडी टेकत टेकत आत आला. वाटेच्या तोंडाशी रोवलेल्या दोन खांबांतून कुबडीसकट आरामात मावला. शेवंताबाईपाशी येऊन त्याने गठ्ठा खाली ठेवला.

"लई लांब दुकान मांडलंस," तो म्हणाला.

"म्याडमनी मांडलंय," ती म्हणाली, आणि पदराने तोंड पुसायच्या निमित्ताने डोळे पुसले. मीही तेच केलं, फक्त माझ्याकडे निमित्त नव्हतं.

बाजार अजून चालू आहे. तात्यांनी दुकानांच्या ओळीवर नवा फ्लेक्स लावलाय, 'आधुनिक फेर-नियोजन' असा, त्यांच्या फोटोसकट. पण या वेळी चारही टोकं घट्ट बांधली आहेत.

मी जुना नकाशा फ्रेम करून ऑफिसात लावलाय, तो लाल गोल आणि 'अडथळा' हा शब्द सगळ्यांना दिसेल असा. शेजारी खिळ्याला शेवंताबाईकडचं एक दावं टांगलंय. ते तिने मला फुकट दिलं नाही, आणि मी मागितलंही नाही, विकत घेतलं. नवीन क्लायंट विचारतात, हे कशाला? मी सांगते, आमचं फ्लोचं काम.

पूर्वी नवीन जागेवर गेले की मी दोन प्रश्न विचारायचे. माणसं येतात कुठून आणि जातात कुठं. आता तिसरा विचारते, आणि तो टेप काढायच्या आधी विचारते. इथून परत जाताना माणूस हातात काय घेऊन जातो?